सातबारा कोणाच्या नावावर?

गेल्या महिन्यात सांगलीत एका परिसंवादाला गेले होते. लेखकाने, कलावंताने, अभ्यासकाने स्वतःची वेबसाइट चालवावी की फेसबुक-यूट्यूबवरच मुक्काम ठोकावा, असा विषय होता. दोन तास चर्चा झाली आणि दोन्ही बाजू हॅकर या एकाच माणसाभोवती फिरत राहिल्या. एक बाजू म्हणत होती की हॅकरपुढे सामान्य माणसाचा निभाव लागणार नाही, तेव्हा ते काम मोठ्या कंपन्यांवर सोपवावं. दुसरी म्हणत होती की आमच्या चार कवितांत हॅकरला कसला रस असणार, उगाच घाबरवू नका. मी सोळा वर्षं लहान संस्थांच्या आणि एकेकट्या माणसांच्या वेबसाइट सांभाळते. या काळात माझ्या डोळ्यांदेखत ज्या वेबसाइट गेल्या, त्यांतल्या बहुतेक कोणी फोडल्या नव्हत्या, त्या हातातून निसटल्या. नाव दुसऱ्याच्या खात्यात होतं, मुदत संपल्याचा मेल बंद पडलेल्या पत्त्यावर गेला, ओटीपी जुन्या नंबरवर आला. म्हणून मला वाटतं, हा वादच चुकीच्या दारावर चालला आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं इंटरनेटवर नोंदवलेलं नाव, जरूर घ्यावं. त्याची सुरक्षितता हे तीन-चतुर्थांश कागदपत्रं जपण्याचं काम आहे, आणि पासबुक, विमा, सातबारा नीट ठेवणाऱ्या कोणालाही ते जमतं. ज्याला ते करायचं नसेल त्याने मात्र डोमेनच्या वाटेला जाऊ नये, कारण घेऊन सोडून दिलेलं डोमेन कधीच न घेतलेल्या डोमेनपेक्षा जास्त नुकसान करतं.

परिसंवादाला मिरजेचे एक काका आले होते. माझ्या वडिलांचे स्नेही, निवृत्त शिक्षक. अकरा वर्षं गावोगाव हिंडून त्यांनी वीरगळांचे फोटो काढले, मोजमापं घेतली आणि सहाशेच्या वर नोंदी आपल्या वेबसाइटवर चढवल्या. चर्चा ऐकून ते अस्वस्थ झाले होते. "माझं सगळं नीट आहे ना, एकदा घरी येऊन बघून जा," म्हणाले. गेले. पासवर्ड चांगला लांबलचक होता, ब्राउझरमध्ये कुलूप दिसत होतं, दर रविवारी बॅकअप निघत होता. मग मी विचारलं, "काका, डोमेन कोणाच्या खात्यात आहे?" त्यांना प्रश्नच कळला नाही. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाला फोन लावायचा, तर त्याचा नंबर बंद. त्याच्या मामांकडून नवा नंबर मिळाला, मुलगा आता दुबईत. तो बिचारा प्रामाणिक. अकरा वर्षांपूर्वी काकांकडे ऑनलाइन चालणारं कार्ड नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डावर डोमेन घेतलं. दरवर्षी पैसे भरत राहिला, मागायला संकोचला. पण ते खातं त्याच्या आधीच्या नोकरीतल्या ई-मेलवर होतं, आणि ती नोकरी सुटून सहा महिने झाले होते. डोमेनची मुदत संपायला ४१ दिवस उरले होते. सूचना येत होत्या, पण ज्या पेटीची किल्ली आता कोणाकडेच नव्हती तिथे. परिसंवादातल्या एकाही वक्त्याचा एकही मुद्दा काकांना या संकटाची चाहूल देऊ शकला नसता.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. वेबसाइट म्हणजे घर आणि डोमेन म्हणजे दारावरची पाटी, असं आपण सहज म्हणून जातो. पाटी चोरीला गेली तर घर जागेवरच राहतं. डोमेनचं तसं नाही. ते नाव टाइप केल्यावर लोकांनी कुठल्या यंत्राकडे जायचं आणि त्या नावाच्या पत्त्यावर पाठवलेलं टपाल कोणाच्या पेटीत पडायचं, हे डोमेनची नोंद ठरवते. म्हणून मी त्याला सातबारा म्हणते. वकील सांगतील की सातबारा ही महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, आणि ते खरं आहे. जमिनीच्या बाबतीत निदान खरेदीखत दाखवता येतं, शेजाऱ्यांची साक्ष काढता येते, कोर्टात जाता येतं. डोमेनच्या यंत्रणेला साक्षीदार कळत नाहीत. रजिस्ट्रारच्या, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीच्या, खात्यात जो लॉगिन करू शकतो, तिच्या लेखी तोच धनी.

ही कल्पनेतली भीती नाही. १९९४ साली गॅरी क्रेमन या अमेरिकी उद्योजकाने सेक्स डॉट कॉम हे नाव नोंदवलं. पुढच्याच वर्षी स्टीफन कोहेन नावाच्या भामट्याने नेटवर्क सोल्यूशन्स या नोंदणी कंपनीला एक खोटं पत्र सादर केलं: आम्ही क्रेमनला काढून टाकलं आहे, हे नाव आम्हाला नको, ते कोहेनला द्यावं. इंटरनेटवरून न कळवता पत्र का, तर म्हणे आमच्या कंपनीकडे इंटरनेटची थेट जोडणीच नाही! कंपनीने क्रेमनला साधा फोनसुद्धा न करता नाव देऊन टाकलं. नाव परत मिळायला २००० साल उजाडलं, पुढे साडेसहा कोटी डॉलरचा निकाल लागला आणि कोहेन परागंदा झाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने डोमेन ही मालमत्ता असल्याचं मान्य केलं, ते याच प्रकरणात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असा निर्णय दिला. म्हणजे कायदा आहे. पण न्यायालयाची पायरी चढायला लागणारा वेळ आणि पैसा मिरजेच्या निवृत्त शिक्षकाने कुठून आणायचा?

कोणी म्हणेल, ही तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आता यंत्रणा सुधारली. सुधारली, पण घाव अजून त्याच जागी बसतो. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण राहून गेलं आणि हॉटमेलची लॉगिन व्यवस्था कोलमडली. शेवटी एका त्रयस्थ प्रोग्रामरने नाताळच्या सुट्टीत स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सची वेबसाइट बंद पडली. वृत्तपत्राच्या सर्व्हरला कोणी हातही लावला नव्हता. त्यांचं डोमेन जिथे नोंदलेलं होतं त्या ऑस्ट्रेलियातल्या रजिस्ट्रारच्या एका विक्रेत्याचा पासवर्ड फसव्या मेलने काढून घेतला गेला होता. जानेवारी २०२१ च्या अखेरीस पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या वेबसाइटचं नाव, पर्ल डॉट कॉम, पळवलं गेलं. ते चालवणारे लोक आयुष्यभर प्रोग्रामिंग करत आलेले. त्यांची मुदत संपलेली नव्हती, पासवर्ड फुटलेला नव्हता, सर्व्हर शाबूत होता. नाव मात्र खात्यातून दुसरीकडे गेलं आणि १,९०,००० डॉलर किंमत लावून विक्रीला ठेवलं गेलं. सुदैवाने काही दिवसांत ते परत मिळालं, कारण त्यांच्यामागे जगभरचे ओळखीचे लोक उभे राहिले. मिरजेच्या काकांमागे कोण राहणार होतं?

आता मोठ्या कंपन्यांकडे जा म्हणणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करते. मोठ्या कंपन्यांचे सुरक्षारक्षक रात्रंदिवस जागे असतात, आपण नसतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये वर्डप्रेस या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या ४.७ या आवृत्तीत सापडलेल्या एका खिंडारामुळे काही दिवसांत दहा लाखांहून जास्त पानं विद्रूप झाली, आणि त्यांत लहान माणसांची पानंही होती. दुरुस्ती आलेली होती, ती बसवायची राहिली होती. "आमच्या कवितांत कोणाला रस?" म्हणणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. ही पानं कोणी वाचून निवडली नव्हती, जे उघडं सापडलं तिथे घुसायचं असा तो यंत्राचा कारभार होता. म्हणून माझा आग्रह असतो की वेबसाइट शक्य तितकी साधी ठेवावी. वीरगळांच्या सहाशे नोंदींना बावीस प्लगइन, म्हणजे वरून जोडलेल्या जादा सोयी, लागत नाहीत. नुसती पानं आणि फोटो असतील तर फोडायला फारसं काही उरत नाही, आणि वर्डप्रेस हवंच असेल तर आपोआप अपडेट होण्याची सोय चालू ठेवावी, वापरात नसलेलं प्लगइन काढून टाकावं. एवढ्याने हॅकरचा मुद्दा संपत नाही, पण परिसंवादात दिला होता तेवढा वेळ त्याला द्यायची गरज राहत नाही.

पण "म्हणून मोठ्या कंपनीकडे जा" हा निष्कर्ष यातून निघत नाही. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. यांतली एकही सेवा हॅकरने बंद पाडली नाही. ज्यांच्या सुरक्षेवर भिस्त होती त्यांनीच दुकान आवरलं, आणि आपलं लेखन ज्या पत्त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाचलं, ज्याचे दाखले दिले, तो पत्ता मातीमोल झाला. स्वतःचं डोमेन असेल तर होस्टिंग कंपनी, म्हणजे वेबसाइट आपल्या यंत्रावर ठेवणारी कंपनी, बुडाली तरी बॅकअप दुसरीकडे चढवता येतो, नाव तेच राहतं. वाचकाला बदल जाणवतही नाही. घर बदललं तरी पत्ता न बदलण्याची ही सोय दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही.

मोठ्या कंपनीकडे जा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात जड मुद्दा वेगळाच आहे, आणि तो परिसंवादात कोणी मांडला नाही. तो मांडला काकूंनी, चहाचे कप उचलता उचलता. "हे सगळं यांच्या नावावर केलंस, ते ठीक. पण उद्या हे नसले तर?" डोमेन विकत मिळत नाही, ते भाड्याने मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. भाडं थांबलं की नाव जातं. फेसबुकचं पान माणसाच्या मागे राहतं, वेबसाइट त्याच्यामागे फार तर वर्ष-दोन वर्षं. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला "मुलं बघतील" हे उत्तर नाही. डॉट कॉमसारख्या नावांची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार आपल्या मर्जीने काही दिवस थांबतो. मग ३० दिवस नाव दंड भरून सोडवता येतं, त्यानंतर ५ दिवसांनी ते बाजारात मोकळं होतं. घरात दिवसपाणी चालू असताना हे दिवस कोण मोजत बसणार आहे?

आणि नाव मोकळं झालं की ते नुसतं नाहीसं होत नाही. मी ज्या वाचनालयाची सभासद आहे, त्याचं डोमेन सहा वर्षांपूर्वी असंच सुटलं. कार्यवाह बदलले, जुन्या कार्यवाहांच्या पेटीत पडलेले मेल कोणी पाहिले नाहीत. काही आठवड्यांत त्या नावावर रमीचे जुगार दिसू लागले. आमच्या दुर्मीळ पुस्तकांच्या यादीचा दुवा ज्या ज्या प्रबंधांत आणि लेखांत दिला होता, तो प्रत्येक दुवा आता त्या जुगाराच्या दारात नेऊन सोडतो. त्याहून वाईट गोष्ट आम्हाला नंतर उमगली. वाचनालयाचं बँकेचं, विजेचं, देणगीदारांचं सगळं टपाल याच डोमेनच्या पत्त्यावर येत होतं. नाव ज्याने घेतलं, त्याला ते पत्ते पुन्हा जिवंत करता येतात. मग कुठल्याही खात्यावर "पासवर्ड विसरलो" हे बटण दाबायचं, नवा पासवर्ड त्याच्या पेटीत हजर. ना काही फोडायला लागतं, ना काही तंत्र यावं लागतं. आपल्याकडे मोबाइलचा नंबर बंद केला तर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्याला मिळू शकतो, आणि जुन्या नंबरवर कोणाचा तरी ओटीपी येण्याचा अनुभव अनेकांना असेल. डोमेनचं हेच, फक्त इथे एका नंबरऐवजी सगळ्या घराचं टपाल जातं.

म्हणून काकूंच्या प्रश्नाला माझं उत्तर दोन पदरी आहे. पहिलं, डोमेनवर बँकेचं, आधारचं, विम्याचं टपाल आणायचं असेल तर ते डोमेन जन्मभर सांभाळायची तयारी ठेवा. ती नसेल तर त्या नावावर नुसती वेबसाइट ठेवा, महत्त्वाच्या खात्यांसाठी साधा जीमेल वापरा. खुद्द रजिस्ट्रारच्या खात्याचा ई-मेल त्याच डोमेनवरचा तर कधीच नसावा. डोमेन गेलं की ते परत मिळवण्याचा पत्ताही त्याच्याबरोबर जातो, म्हणजे घराची जादा किल्ली घरातच ठेवून कुलूप लावल्यासारखं. दुसरं, मागे राहणाऱ्या माणसाला काय करायचं ते कागदावर असलं पाहिजे: रजिस्ट्रार कोण, कुठल्या ई-मेलवर खातं आहे, मुदत कधी संपते, आणि वेबसाइट पुढे चालवायची नसेल तर आधी कुठली खाती त्या पत्त्यावरून हलवायची. काकांच्या घरी हे पाऊण पान झालं. ते विम्याच्या कागदांबरोबर कपाटात आहे.

"ऑटो-रिन्यू चालू आहे, मग काळजी कशाची?" हे मला आठवड्याला एकदा तरी ऐकायला मिळतं. भारतात राहणाऱ्यांनी यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर आधी रीतसर संमती नोंदवावी लागते आणि पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण अनेक परदेशी रजिस्ट्रारांनी त्या संमतीची सोय केलेली नाही, त्यामुळे कापणी नुसती फेटाळली जाते. पडद्यावर ऑटो-रिन्यू हिरवं दिसत राहतं आणि प्रत्यक्षात पैसे जातच नाहीत. शिवाय कार्डाची स्वतःचीही मुदत असते. त्यापेक्षा एकदाच पाच वर्षांचे पैसे भरून टाकावेत. डॉट कॉमसारख्या नावांसाठी रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी सूचना दिलीच पाहिजे, असा आयकान या जागतिक नियामक संस्थेचा दंडक आहे. सूचना येते. ती इंग्रजीत येते आणि तिच्या आगेमागे "तुमच्या डोमेनची मुदत संपत आहे, इथे पैसे भरा" अशा खोट्या बिलांचा ढीग असतो. खरी कुठली, हे पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ओळखत बसू नये. मेलमधला दुवा न दाबता आपण होऊन रजिस्ट्रारच्या वेबसाइटवर जावं आणि तिथली तारीख पाहावी.

इतिहासातून एक गोष्ट इथे उपयोगी पडते. शिवाजी महाराजांच्या गडांचा कारभार एका हातात नसे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशी माणसं बरोबरीने नेमलेली असत, शिवाय कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. किल्ल्या हवालदाराकडे, जमाखर्च सबनिसाकडे. एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा विचार. आपण वेबसाइटच्या बाबतीत नेमकं उलट करतो. डोमेन, होस्टिंग, ई-मेल सगळं एकाच स्वस्त पॅकेजात, एकाच पासवर्डवर, आणि तो पासवर्ड वेबसाइट करून देणाऱ्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेला. डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवलं, तर होस्टिंगवाल्याशी भांडण झालं, तो बुडाला, त्याच्याकडे चोरी झाली, तरी नाव आपल्या हातात राहतं. त्यासाठी वर्षाला चार-दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्यावेत. रजिस्ट्रारच्या खात्याला ऑथेंटिकेटर ॲपचं, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपचं, दुसरं कुलूप लावावं, एसएमएसवरच्या ओटीपीवर थांबू नये, कारण सिमकार्ड दुसऱ्याच्या नावे काढून घेण्याचे गुन्हे आपल्याकडे नवे नाहीत. ट्रान्सफर लॉक, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवू न देणारं कुलूप, चालू आहे ना, ते बघावं. बहुतेक ठिकाणी ते फुकट असतं, एका टिचकीचं काम. न्यूयॉर्क टाइम्सला बसलेल्या २०१३ च्या त्या हल्ल्यात ज्या डोमेनना नोंदणीच्या पातळीवर जादा लॉक लावलेलं होतं, ती वाचली होती.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही बोललं पाहिजे, कारण परिसंवादात एक तज्ज्ञ म्हणाले, "कुलूप दिसलं की साइट सुरक्षित." हे लोकांना शिकवणं थांबवलं पाहिजे. २०१५ च्या अखेरीपासून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेमुळे या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट मिळू लागलं आणि त्याने फार मोठं भलं झालं, लहानात लहान वेबसाइटलाही कुलूप परवडू लागलं. पण ते चोरालाही फुकटच मिळतं. कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कोणी मजकूर वाचला किंवा बदलला नाही. पलीकडे बसलेला माणूस कोण आहे, हे ते सांगत नाही. शिवकालीन पत्रांत मजकूर संपला की "मर्यादेयं विराजते" अशी मुद्रा उमटवत, म्हणजे तिच्याखाली कोणाला आणखी ओळ घुसडता येऊ नये. कुलूप हे त्या मुद्रेचं काम करतं. पत्र कोणाच्या दरबारातून निघालं हे ओळखायला नावच पाहावं लागतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इन या राखीव नावाखाली यायला सांगितलं, ते याच कारणासाठी. जिथे नोंदणीच तपासून होते, तिथलं नाव विश्वासार्ह. आपल्या लहान वेबसाइटसाठी कुलपाची फक्त एक काळजी घ्यायची. प्रमाणपत्र आपोआप बदलतं का, हे होस्टिंगवाल्याला विचारून घ्यायचं. मार्च २०२९ पासून कुठलंही प्रमाणपत्र ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही, हाताने बदलत बसणं तेव्हा अशक्यच होईल.

या मुद्रेचीच बहीण शोभेल अशी आणखी एक सोय आहे. डोमेनच्या नोंदींत एसपीएफ आणि डीमार्क अशा दोन ओळी लिहून "या नावाचं टपाल फक्त अमुक ठिकाणाहून निघतं, बाकीचं खोटं समजा" असं जगाला कळवता येतं. तुम्ही त्या डोमेनवरून एकही मेल पाठवत नसाल तर या ओळी जास्तच गरजेच्या, कारण तुमच्या नावाने "अडचणीत आहे, पैसे पाठव" असा मेल कोणीही धाडू शकतो. होस्टिंगवाल्याकडून दहा मिनिटांत हे करून मिळतं. डीएनएसेकचं, म्हणजे डोमेनच्या नोंदी वाटेत कोणी बदलल्या नाहीत हे तपासण्याच्या सोयीचं, म्हणाल तर माझं मत असं: रजिस्ट्रार एका बटणावर देत असेल तर घ्या, हाताने करायचं असेल तर राहू द्या. सप्टेंबर २०२१ मध्ये ते बसवताना कार्यालयीन संवादाचं ॲप चालवणाऱ्या स्लॅकसारख्या कंपनीची सेवा अनेकांसाठी दिवसभर अडकली होती.

परिसंवादात शेवटी कोणीतरी विचारलं की सामान्य माणसाने एवढं सगळं का करायचं, ही जबाबदारी विकणाऱ्यांची नाही का? आहे, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वेबसाइट करून देणाऱ्याने डोमेन ग्राहकाच्या नावावर, ग्राहकाच्या ई-मेलवर घेऊन द्यावं, हा या धंद्याचा साधा शिरस्ता व्हायला हवा. फ्लॅटचा ताबा देताना बिल्डरने स्वतःच्याच नावावर सदनिका ठेवली तर आपण ऐकून घेऊ का? घरातल्या वेबसाइटसाठी निदान घरचे लोक भांडतील. संस्थांचं कोण बघणार? महाराष्ट्रातल्या वाचनालयांची, नाट्यमंडळांची, शिक्षणसंस्थांची बहुसंख्य नोंदणी सार्वजनिक न्यास म्हणून आहे. त्यांच्या इमारतीची, ठेवींची, कपाटांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ज्या नावाखाली संस्था जगाला दिसते, ज्याच्या पत्त्यावर देणग्यांची चौकशी येते, ते डोमेन मात्र कुठल्याच मालमत्तेच्या यादीत नसतं. लेखापरीक्षक खुर्च्या मोजतो, डोमेन कोणाच्या खात्यात आहे हे विचारत नाही. आमचं वाचनालय याच फटीतून घसरलं.

काकांच्या डोमेनचं काम त्याच संध्याकाळी झालं. मुलाच्या जुन्या कंपनीतल्या एका मित्राने पेटी तासाभरासाठी उघडून दिली. त्याच रजिस्ट्रारकडे काकांच्या नावाचं खातं काढलं, दुबईहून व्हिडिओ कॉलवर मुलाने नाव तिकडे सरकवलं आणि काकांनी सहा अंकी कोड मोठ्याने वाचत वाचत टाइप केला. नव्या पाच वर्षांचे पैसे काकूंच्या कार्डावरून गेले. मुदतीची तारीख त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली, आणि कालनिर्णय बदलेल तशी दर डिसेंबरात ती नव्यावर उतरवायची असंही ठरवलं.

वाचनालयाची वार्षिक सभा येत्या रविवारी आहे. नवं डोमेन सध्या एका स्वयंसेवकाच्या खात्यात आहे. मी लेखी दिलेला ठराव असा: डोमेन संस्थेच्या खात्यात आणावं, त्या खात्याचा ई-मेल पदाधिकाऱ्यांपैकी दोघांना उघडता यावा, कार्यवाह बदलले की पासवर्ड त्याच आठवड्यात बदलावा, आणि ताळेबंदाच्या मालमत्तेत पुस्तकं, फर्निचर, इमारत यांच्याखाली आणखी एक ओळ वाढवून तिथे डोमेनचं नाव, रजिस्ट्रार आणि मुदतीची तारीख दरवर्षी छापावी.